मितेशच्या हळदीला गोटीराम

गावातल्या दिलीपच्या मितेशची लग्नपत्रिका आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर आली, तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे प्रकरण शेकणार. पत्रिका कसली, व्हिडिओच होता. ढगातून गणपती उतरतो, मग नवरानवरी समुद्रकिनाऱ्यावर हात पसरून धावतात, मग तारीख येते. खाली दिलीपने लिहिलं होतं, 'हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे.' मी अंगठा दाखवला आणि शाळेच्या ऑफिसात दाखले लिहायला बसले.

माझ्या सासूला अंगठा चालत नाही. माझी सासू पुतळाबाई, अख्ख्या दिवाळे गावाची पुतळाबय, वय बहात्तर. त्या धवलारीण आहेत. आमच्या कोळी-आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो मंगलाष्टकांपुरता. त्याच्या आधी मांडव घालण्यापासून हळद उतरवण्यापर्यंत सगळं धवलारीण चालवते. प्रत्येक विधीचं तिचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. पुस्तक नाही, वही नाही, सगळं तोंडात. आणि तिला बोलवायची रीत ठरलेली आहे. घरच्या कर्त्याने नारळ-सुपारी घेऊन तिच्या दारात यायचं, ओटीवर बसायचं, पाणी प्यायचं आणि म्हणायचं, आमच्याकडे कार्य आहे, चला. त्याशिवाय ती उठत नाही.

हळद गुरुवारी होती. सोमवारपासून आई ओटीवर बसायला लागल्या. चांगलं लुगडं काढून, घडी मोडून, परत घडी घालून ठेवलेलं. गल्लीत स्कूटर थांबली की मान वर व्हायची. सोमवार गेला, मंगळवार गेला. या हंगामातली आधीची दोन लग्नं अशीच गेली होती. एकदा आम्ही म्हटलं, मुलीकडच्यांनी हॉल घेतलाय. दुसऱ्यांदा म्हटलं, घाईत उरकलं. आता म्हणायला काही उरलं नव्हतं.

बुधवारी मी म्हटलं, "आई, विसरले असतील हो. मी दिलीपभाऊंना एक फोन करते."

"फोन कनाला? माजा दार काय हारवलाय?"

हे बोलणं चाललं होतं तेव्हा उन्नती, माझी मुलगी, वय बावीस, आत पाव-भुर्जी खात होती. तिने घास चावता चावता सांगून टाकलं, "बय, ते नाय येणार. ते तुझा व्हिडिओ लावणार आहेत. मितेशदादाने माझ्याकडून ऑडिओ पण मागून घेतला, क्लीनवाला."

तिच्या आवाजात काही वाईट नव्हतं. उलट आनंदच होता. तिला वाटत होतं ती आजीला खुशखबर देतेय.

आता हे आधीचं सांगते. गेल्या वर्षी आमच्याच आळीतल्या अभयच्या हळदीला उन्नतीने आजीचं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोबाइलवर घेतलं, चाळीस मिनिटं. आजीला सांगितलं, घरात ठेवायला पाहिजे. आणि टाकलं सगळीकडे, 'दिवाळ्याची धवलारीण' असं नाव देऊन. तीन महिन्यांत चार लाख लोकांनी बघितलं. मी काही लपवत नाही, मलाही ते आवडलं होतं. चोवीस वर्षं झाली माझ्या लग्नाला, पण माझी सासू मांडवात गाते हे मी शाळेत कधी कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. चार लाख झाल्यावर मी स्टाफरूममध्ये स्वतः फोन फिरवला. माझ्या मनाचा हलकेपणा मला तेव्हा दिसला नाही, आता दिसतो.

आईंनी उन्नतीला ओटीवर बोलावलं. "तू बोललीस, घरान ठेवाला पायजे."

"घरातच आहे ना. सगळ्यांच्या घरात."

"काढ त्यो."

"बय, दुबईहून कमेंट आहेत. कॅनडाहून. एक बाई म्हणते, ऐकून रडले, गाव आठवलं."

"दुबयचे बायनं माना नारल आनून दिला व्हता? काढ बोलले ना."

"नाय काढणार." उन्नतीने ताट खाली ठेवलं. आमच्या घरात राग उतरंडीने येतो, सासूपासून नातीपर्यंत, मधे मलाही चुकवत नाही. "तू ऐक आधी. सुंदराआजी श्रावणात गेली. तिला येत होते ते निम्मे धवले तुला येत नव्हते, तूच बोललेलीस. कुठे आहेत ते आता? गेले ना तिच्याबरोबर जळून? तू कुणाला शिकवलंस? मला शिकवलंस?"

"तू शिकाला बसलीस कवा? तुजी मान सदा त्या डबीन."

"मग डबीत तरी राहू दे ना! तू गेल्यावर काय वाजवायचं आम्ही?"

"काय पन वाजवू नको. मेला तं मरूं दे."

सुंदरा म्हणजे आईंची जोडीदारीण. धवला एकटीने म्हणायचा नसतो. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने ती झेलायची. पन्नास वर्षं सुंदराबाईंनी झेललं. त्या गेल्यावर आई पंधरा दिवस कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. तिथेच नेमकं बोट ठेवलं पोरीने. मला तिचा राग आला, आणि ती खोटं बोलत नव्हती म्हणून जास्त आला. दोघींचंही बरोबर असलं की मधलीचं डोकं उठतं.

मी म्हटलं, "उन्नती, पुरे. उद्याच्या उद्या ते काढून टाक."

"तू पण? तूच तर शाळेत सगळ्यांना दाखवलंस, मम्मी."

आईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना हे माहीत नव्हतं. मला जमिनीत जावंसं वाटलं.

मग त्यांनी एकच विचारलं. "दिलीपकडं कुठला लावतान? अभयचे हलदीचा?"

"तोच. दुसरा आहे कुठे?"

"आवतनाचा पन हाय त्यान?"

"सगळा आहे. पूर्ण हळद."

आईंनी लुगड्याची घडी उचलली, मांडीवर घेतली, आणि म्हणाल्या, "मंग मी जाईन हलदीला. पावनी म्हनून जाईन." इतक्या शांतपणे म्हणाल्या की मला भीती वाटली.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही तिघी गेलो. माझे मिस्टर अंकुश महाप्याला कंपनीत सेकंड शिफ्टला, त्यामुळे ते सुटले. मांडव जेट्टीजवळच्या मोकळ्या जागेत होता. बोंबील सुकवायच्या वलांड्या बाजूला सारून झेंडूच्या माळांची भिंत उभी केली होती. सगळ्या बायका एकाच पिवळ्या रंगात, कारण तसा मेसेज आला होता. मधे पाटावर मितेश, त्याच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर, आणि टेबलामागे डीजेवाला शिवा, डोळ्यांवर संध्याकाळी सहालाही काळा चष्मा.

आई तिसऱ्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या. येणारा-जाणारा वाकून पाया पडत होता. "बय, आज तुला आराम!" दिलीपची बायको हसत हसत म्हणाली. आराम! ज्या बाईने तिची स्वतःची हळद लावली, दिलीपच्या अंगाला पहिली हळद जिने लावली, तिला म्हणे आराम. मला त्या बाईच्या हातातला सरबताचा ग्लास तिच्याच डोक्यावर ओतावासा वाटला. आईंनी मात्र ग्लास घेतला आणि शेवटपर्यंत प्यायला.

शिवाने सुरू केलं. आईंचाच आवाज, पण अंगावर येणारा, खाली त्याने ढोलकीचा ठेका घातलेला. मागून सुंदराबाईंचा झेलायचा आवाजही आला, मेलेल्या बाईचा. आई सरळ समोर बघत राहिल्या. पहिला धवला देवांचा. एकवीरा आली, खंडोबा आला, गावदेवी आली. बायकांनी मितेशच्या गालाला हळद फासली, पोरींनी सेल्फी काढले. सगळं ठीक चाललं होतं.

देवांनंतर आवतण असतं. म्हणजे त्या घरात जे जे मेलेत त्यांना धवलारीण एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते, या, बसा, पोराला आशीर्वाद द्या. त्या घरातल्या मेलेल्यांना. दुसऱ्याच्या नव्हे. हे कुणाला सांगावं लागत नाही, कारण आजवर धवलारीण प्रत्येक मांडवात त्या-त्या घराचीच नावं घेत आलीय.

आणि स्पीकरमधून आलं:

*या हो या गोटीराम बाबा,*
*मांडवी या, हलद लागली.*

गोटीराम हा अभयचा पणजा.

बाहेरच्या माणसाला यात काय बिघडलं ते कळणार नाही, म्हणून सांगते. दिलीपचे वडील गंगाराम, आज चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांच्या वडिलांचं, पोशाबाबांचं, आणि गोटीरामचं खाडीत डोलीचं जाळं कुणी कुठे लावायचं यावरून वाजलं होतं. जाळी कापली गेली, डोकी फुटली. चाळीस वर्षं या घराने त्या घरचं पाणी प्यायलं नाही. गोटीरामने भर होळीत सांगितलं होतं, मेलो तरी पोशाच्या मांडवात पाय ठेवणार नाही. पोशाबाबा म्हणाले होते, ठेवून तर बघ. आणि आता पोशाच्या पणतवाच्या हळदीला गोटीरामला हाक मारून बोलावणं चाललं होतं, तेही इतक्या मोठ्याने की पार बेलापूरपर्यंत ऐकू जावं.

गंगारामबाबांना कमी ऐकू येतं. पण एवढं कमी नाही. ते काठी टेकून उभे राहिले.

"कोन बोलावला त्याला?"

पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. म्हाताऱ्या बायका हसल्या नाहीत, त्यांनी पदर तोंडाला लावला.

"माजे बापाचे मांडवान गोट्याला कोन बोलावला?"

स्पीकर थांबतोय कशाला. गोटीरामची बायको रंगूबाई आली. गोटीरामचा भाऊ आला, भावाच्या दोन बायका आल्या, चुलती आली, सगळं घराणं रांगेने मांडवात येऊन बसलं. दिलीप "बंद कर, बंद कर" म्हणून ओरडत होता आणि शिवा चष्मा काढून कुठली वायर कुठली ते शोधत होता. शेवटी कुणीतरी पिनच उपटली. मग खाडीवरच्या होडीचं इंजिन ऐकू आलं.

मितेश पाटावरून म्हणाला, "बाबा, रेकॉर्डिंग आहे ओ ते. काय फरक पडतो?"

गंगारामबाबा म्हणाले, "फरक पडत नाय, तं लावलास कनाला?"

मी इकडे उन्नतीकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. चाळीस मिनिटं तिनेच कापलं, जोडलं, साफ केलं, पन्नासदा ऐकलं असेल. नावं तिने ऐकलीच नव्हती. मीही नाही.

हळूहळू सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. दिलीपने टेबलावरच्या ताटातला नारळ उचलला आणि लगबगीने आला. "बय, चूक झाली. हा घे नारळ. आता तूच म्हण."

आई उठल्या. पदर नीट केला. "नारल घरी घेऊन येतात, दिलीप. हितं मी पावनी हाय. सरबत पिले, चालले."

"अगं बय, मुहूर्त..."

"तुजा मुहूर्त तू बग." आणि चालायला लागल्या. दोनशे माणसांच्या मधून, बहात्तर वर्षांची बाई, पायात रबरी चप्पल. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की रडूच आलं.

गल्लीत त्यांना गाठून मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना हे होणार?"

"व्हता."

"मग काल सांगायचं नाही?"

"माना कोनी इचारला? चार लाख मानसांनी आयकला बोलतंव ना तुमी. एकानं पन आयकला नाय." माझ्याकडे न बघता म्हणाल्या. त्यात स्टाफरूम पण आली.

घरी येऊन त्यांनी दिवा लावला आणि ओटीवर बसल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मला वाटलं, येत नाहीत हे लोक, दुसरं एखादं गाणं लावून मोकळे होतील. उन्नती उंबऱ्यात नखं खात उभी. मग गल्लीच्या तोंडाशी काठीचा आवाज आला. गंगारामबाबा पुढे, मागे नारळ घेऊन दिलीप, आणि त्याच्या मागे अंगभर ओली हळद घेऊन खुद्द मितेश, ज्याने त्या अंगाने मांडवाबाहेर पडायचं नसतं. म्हाताऱ्याने त्याला मानगूट धरून आणलं होतं म्हणे.

मी पाणी दिलं. तिघेही प्यायले. दिलीप म्हणाला, "बय, आमच्याकडे कार्य आहे. चल."

"येते. नावा सांगा तुमचे मानसांची."

"तुला सगळी माहीत आहेत ना."

"माना हायेत. तुमाला हायेत का? आज मी हाय. मांडव तुमचा, मेलेले तुमचे. सांगा."

गंगारामबाबांनी सुरुवात केली. बाप पोशा. आई हौशी. दिलीप चमकून म्हणाला, "आजीचं नाव हौशी होतं?" त्याला पन्नाशीत कळत होतं. मग पोशाची आई. बाबा थांबले. ओठ हलवले, परत थांबले. "तिला आमी आजी बोलायचो," एवढंच म्हणाले.

"आजी काय नाव हाय?" आई म्हणाल्या.

मितेशने हळदीच्या बोटांनी फोन काढला. त्यांचा घराण्याचा ग्रुप आहे, साठ-बासष्ट माणसं. त्याने मेसेज टाकला, अर्जंट, पोशाबाबांच्या आईचं नाव कुणाला माहीत आहे? आम्ही सगळे त्या फोनकडे बघत बसलो. एकेकाने वाचलेलं दिसत होतं. एकाने अंगठा पाठवला. एका काकांनी शुभ संध्याकाळचं फूल पाठवलं. नाव कुणीच पाठवलं नाही. आई मुद्दाम वाट बघत होत्या, हे मला कळत होतं, आणि त्यांनी आणखी वाट बघावी असंच मला वाटत होतं.

शेवटी त्या म्हणाल्या, "मथी. तिचा नाव मथी. करंजा गावची व्हती. तिचे दोन पोर देवीचे साथीन गेले, धाया आन नागू. ती सुकटीची पाटी घेऊन पनवेलला चालत जायची. तुजे बापाला तिनं त्या पाटीवर वाढवला."

गंगारामबाबा रडले. काठी मांडीवर आडवी ठेवून, लहान आवाजात. मितेशने फोन खिशात घातला.

"आन गोटीरामाचा काय करूं?" आईंनी विचारलं. "आयलाय तो मांडवान. परत धाडूं?"

म्हाताऱ्याने डोळे पुसले. "आयलाय तं बसूं दे आता," ते म्हणाले. "बायको-पोरा घेऊन आयलाय. जेवून जाईल."

आम्ही परत मांडवात आलो तेव्हा लोक उठून गेले नव्हते, उलट वाढले होते. बातमी पसरली होती. आई पाटासमोर बसल्या, तांदळाची मूठ भरली, आणि तोंड उघडायच्या आत सगळे फोन वर गेले. आईंनी पहिली ओळ म्हटली. 'या हो या पोशाबाबा, मांडवी या, हलद लागली.' आणि थांबल्या.

झेलायला कुणी नव्हतं.

ज्या दोन-चार म्हाताऱ्यांना येत होतं, त्यांच्याही हातात फोन होते, नातवंडांनी धरायला दिलेले. आईंनी ओळ परत म्हटली. परत थांबल्या. चाळीस-पन्नास फोन वर होते आणि एक तोंड उघडत नव्हतं. उन्नतीचाही फोन वर होता. त्या गप्प मांडवात तांदळाची मूठ धरून बसलेली ती बाई मला दिसली, आणि मला संताप आला. सगळ्यांचा, आणि सगळ्यांत आधी माझा. कारण मला येत होतं. चोवीस वर्षं भांडी घासताना, मासे कापताना, त्या आणि सुंदराबाई ओटीवर घोळवायच्या ते माझ्या कानावरून गेलं होतं. मी ते कधी शिकले नव्हते, पण मला ते येत होतं.

मी पुढे जाऊन आईंच्या बाजूला बसले आणि झेललं.

*मांडवी बसा हो, पाट मांडिला.*

आता खरं सांगायचं तर माझा आवाज शाळेच्या खिडकीतला आहे. 'फॉर्मवर सही कुठेय' हे म्हणायला तो बरा. सूर कुठे होता आणि मी कुठे होते, काही ताळमेळ नव्हता. मागे पोरं खुसखुसली. माझ्या कानांतून वाफ निघाली, पण उठले नाही. दुसरी ओळ जास्त मोठ्याने म्हटली. खुसखुस वाढली, तिसरी त्याहून मोठ्याने. आई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता म्हणतील गप बस. त्या म्हणाल्या, "तोंड आजून उघड."

हौशी आली. मथी आली. मथीचे धाया आणि नागू आले, ज्यांना कुणीच ओळखत नव्हतं. मथीच्या नावाला दिलीपची बहीण झेलायला लागली, रडत रडत, माझ्याहून बेसूर. मग त्या फोनवाल्या म्हाताऱ्यांनी नातवंडांचे फोन खाली ठेवले. सगळ्यांत शेवटी आईंनी गोटीरामचं नाव घेतलं आणि गंगारामबाबांनी स्वतः उठून एक पाट सरकवून दिला. उन्नती मात्र बाजूला उभी होती. फोन तिने खाली घेतला होता, पण तोंड मिटलेलंच होतं.

शुक्रवारी सकाळी तिच्याकडे करावे गावातून एका नवऱ्यामुलाचा मेसेज आला. त्यांना आमचा धवला हवा होता, फक्त नावांचा भाग कापून, म्हणजे कुठल्याही घरात चालेल. तिने मला वाचून दाखवला. मी म्हटलं, काय लिहिणार? तिचं लिहून झालं होतं. 'नावं कापून मिळणार नाहीत. तुमची नावं आजीला येतात का, ते येऊन विचारा.' जुना व्हिडिओ तिने काढला नाही. त्याच्या वर लिहिलंय, हा अभयच्या घरचा धवला आहे, दुसऱ्या मांडवात लावू नये. आई म्हणतात, वाचनार कोन? त्यावरून आमच्या घरात अजून रोज भांडण होतं, आणि मी दोघींपैकी कुणाचीच बाजू घेत नाही.

मग तिने फोन माझ्यापुढे धरला. "मम्मी, हे बघ. रागावू नको."

शिवाने टाकला होता. माझाच. तोंड वासलेलं, मानेच्या शिरा ताठ, आणि आवाज असा की मलाच कान झाकावेसे वाटले. खाली लोकांनी मनसोक्त लिहिलं होतं. कुणी बेडूक म्हणालं, कुणी म्हणालं, काकूंना कुणीतरी थांबवा. शाळेच्या शिपायाने हसून हसून रडणारे तोंडवळे टाकले होते, स्वतःच्या नावाने.

"मी रिपोर्ट करते," उन्नती म्हणाली. "शिवाला पण सांगते. पाच मिनिटांत जाईल."

"राहू दे."

"मम्मी, अगं किती बेसूर आहेस तू त्यात!"

"म्हणूनच राहू दे," मी म्हटलं. "हा कुणी मांडवात लावायची हिंमत करणार नाही. धवला पाहिजे असेल त्याने दारात यावं. सहानंतर आम्ही दोघी घरी असतो."